पाणी परत मिळाले, मिठाचे काय?

मित्रहो,

२००३ साली सिंगापुरात ‘न्यूवॉटर’ आले, तेव्हा सांडपाणी शुद्ध करून प्यायचे म्हणून अनेकांनी नाके मुरडली. आज गावी गेलो की आपणच त्याचे कौतुक सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहते. गाळणारा पडदा शुद्ध पाणी एका बाजूला देतो आणि सगळे क्षार दुसऱ्या बाजूला दाट करून ठेवतो. सिंगापूर बेट आहे, ते खारे पाणी शेवटी समुद्रात जाते. समुद्रापासून दूर असलेल्या गावाने काय करायचे?

तमिळनाडूतल्या तिरुप्पूरला याचे उत्तर शोधावेच लागले. आपल्या अंगातला टी-शर्ट कदाचित तिथलाच असेल! सुती कापड रंगवताना लिटरभर पाण्यात साधारण ३० ते १०० ग्रॅम मीठ घालतात. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५ ग्रॅम असते. रंग कापडाला धरतो, मीठ पाण्याबरोबर बाहेर पडते. वर्षानुवर्षे ते नोय्यल नदीत गेले, काठची शेते खारावली. शेतकरी न्यायालयात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. त्यात कामगारांची रोजीही थांबली.

त्यानंतर सरकारने बिनव्याजी कर्ज दिले, सामुदायिक प्रक्रिया केंद्रे सुधारली आणि कारखाने हळूहळू उघडले. आता तिथे उरलेल्या दाट पाण्यातला रंग आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून तेच खारे पाणी पुन्हा रंगाईला वापरतात. सोडियम सल्फेट असेल तर पाणी थंड करून त्याचे स्फटिक वेगळे करता येतात. आटवण्याचे इंधन वाचते, मिठाची खरेदी कमी होते. सगळेच सुटले असे नाही. अनेक क्षार एकत्र आटून जे मिश्र मीठ उरते, त्याला गिऱ्हाईक नाही. ते साठवूनच ठेवावे लागते.

हे सारे सांगायचे कारण इचलकरंजी. तिथेही कापड प्रक्रियेचे कारखाने आहेत, आणि पंचगंगेच्या प्रदूषणाची तक्रार खालच्या अंगाची शिरोळ तालुक्यातली गावे वर्षानुवर्षे करत आहेत. तीच नदी पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. मीठ परत मिळवायचे तंत्र नाही, असे आता कुणी म्हणू शकत नाही. प्रश्न खर्चाचा आहे. कारखानदार तो टाळतो, तेव्हा नदीकाठचा शेतकरी आणि मच्छीमार तो भरतात. लहान कारखानदाराला एकट्याला तो झेपणार नाही, हेही खरे. म्हणून सामुदायिक केंद्र आणि सरकारी कर्ज आधी हवे. न्यायालयाने टाळे लावेपर्यंत थांबलो, तर पहिला उपाशी राहील तो कामगार.

तुआस आणि जुरॉंग बेटावर आपल्यातले कितीतरी जण पडदे आणि बाष्पीभवन यांचेच काम करतात. पुढच्या सुट्टीत इथल्या स्वच्छतेचे गोडवे गाण्याआधी त्यांनी एक दिवस इचलकरंजीला द्यावा. कारखानदारांशी बोलावे, शिरोळच्या शेतकऱ्यांशीही बोलावे, आणि हिशेब दोघांसमोर मांडावा.

कळावे,
संपादक