मूत्रवेगाची भाषा

डहाणू रोडपर्यंत मुंबईची लोकल गाडी २०१३ च्या एप्रिलपासून येऊ लागली आणि ह्या बाजूच्या लोकांची मोठी सोय झाली. चर्चगेटपर्यंतचे अंतर सुमारे १२४ किलोमीटर. तलासरीकडील प्रवाशास त्याआधीचा मोटारीचा प्रवास वेगळाच. ह्या गाडीत शौचालयाची सोय नसते. म्हणून कित्येक गृहिणी व विद्यार्थिनी निघण्याच्या दिवशी सकाळपासून पाण्याचा घोटही घेत नाहीत. हा उपाय कितपत हितावह, ह्याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे काही वाचकांस वाटेल. परंतु चरकसंहितेत ‘नवेगान्धारणीय’ हा स्वतंत्र अध्यायच असून, रोखू नयेत अशा तेरा वेगांत मूत्रवेगाची गणना केलेली आहे. मग आम्हीच संकोच का बाळगावा?

मूत्राशय ही नुसती पिशवी नव्हे. ती भरत असताना मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनॅलिन नावाचे द्रव्य स्रवते. त्यायोगे भिंतीचा स्नायू सैल राहतो व मुखाकडील स्नायू आवळलेला राहतो. भिंत ताणली गेली म्हणजे आतल्या अस्तराच्या पेशी एटीपी हे द्रव्य बाहेर सोडतात. पेशींस शक्ती पुरविणारे हेच द्रव्य निरोप्याचेही काम करते, हे मत जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मांडले, तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञांस ते पटले नव्हते. हा निरोप मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूकडे जातो. प्रौढ माणसास वेगाची पहिली जाणीव बहुधा १५० ते २०० मिलिलिटर मूत्र साठले असता होते. मेंदूने अनुमती दिली की ॲसिटिलकोलीन स्रवून भिंत आकुंचन पावते, नायट्रिक ऑक्साइडमुळे मुख सैल होते आणि मूत्र बाहेर पडते.

आता पाणी तोडण्याने काय साधते? मूत्र थोडे पण दाट होते, अस्तरास जाचते, जंतू धुऊन निघत नाहीत. दाह व मूतखडा ह्यांस आमंत्रण मिळते. निरोप्याचे तोंड बांधल्याने संकट टळत नाही.

घरातील वृद्धांविषयीही सावध राहिले पाहिजे. सर्दीवरील झोप आणणाऱ्या कित्येक गोळ्या ॲसिटिलकोलीनचे कार्य अडवितात. धोत्र्याच्या विषाने लघवी तुंबते तीही ह्याच कारणाने. प्रोस्टेट ग्रंथी वाढलेल्या आजोबांस अशी गोळी वैद्यास विचारल्यावाचून देऊ नये. आणि लघवी अगदीच अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्रवासास निघणाऱ्या लेकीसुनांनी पाणी बेताबेताने घेत जावे, गाडीत चढण्यापूर्वी व उतरल्याबरोबर मोकळे व्हावे. दाह, ताप अथवा मूत्रात रक्त दिसल्यास ते लपवू नये. मात्र हा उपदेश एकट्या स्त्रियांस करून भागणार नाही. स्थानकावर व शाळेत स्वच्छ शौचालय हवे, ही मागणी पुरुषांनीही केली पाहिजे. आणि वाटेत सुनेने “जरा थांबू या” म्हटले, तर वडीलधाऱ्यांनी कपाळास आठी न घालता गाडी थांबविली पाहिजे.