परवाना हातात, पण क्लच कुणाच्या पायाने दाबला होता? लोणी काळभोरच्या नव्या चालकांची खरी परीक्षा महामार्गावर

लोणी काळभोर : संध्याकाळी सहाच्या सुमारास लोणी स्टेशन चौकात गाडी बंद पडली की काय होते, ते ज्याची पडली त्यालाच कळते. पुढची रांग हलते, नवा चालक क्लच सोडतो, गाडीला हिसका बसतो आणि इंजिन गप्प. मागे इंधनाचा टँकर, डावीकडून घुसणाऱ्या दुचाकी, आणि हॉर्न तर लगेच सुरू. गडबडीत गिअर पहिल्यातच राहिलेला असतो. शेजारी बसलेले काका ओरडतात, "आरं, आधी न्यूट्रल कर की!" तोवर घाम फुटलेला असतो.

येत्या काळात हे दृश्य वाढणार, अशीच चिन्हे आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. मालवाहू गाड्यांनाही तीच सवलत मिळाली. त्यामुळे हवेली, दौंड, पुरंदर पट्ट्यात घरातली पहिली चारचाकी घेण्याचा विचार करणाऱ्यांना बळ आले आहे. शिकाऊ परवाना तर 2021 पासून घरबसल्या मोबाईलवर काढता येतो. आधार जोडायचा, प्रश्न सोडवायचे, 60 टक्के गुण मिळवायचे, झाले काम. म्हणजे गाडी स्वस्त झाली, कागद सोपा झाला. पाय मात्र अजून पूर्वीइतकाच वेळ घेतो.

क्लच हा प्रकार सांगून कळत नाही. इंजिन फिरत असते, चाके थांबलेली असतात, आणि या दोघांची गाठ घालून देणारी चकती हळूहळू चिकटवायची असते. पेडल वर येताना एका ठिकाणी गाडी थोडी थरथरते, बोनेट किंचित उचलल्यासारखे होते. तोच तो पॉइंट. तिथे पाय क्षणभर थांबवला की गाडी अलगद सुटते, झटकन उचलला की बंद पडते. प्रत्येक गाडीचा पॉइंट वेगळा, जुन्या गाडीचा तर आणखी वर. हे पायाला कळायला शेकडो वेळा गाडी सोडावी लागते. दुसरा उपाय नाही.

नेमके इथेच शिकवणीचे गणित चुकते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 नुसार ड्रायव्हिंग स्कूलने हलक्या खासगी वाहनाचे प्रशिक्षण किमान 21 दिवस द्यायचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवण्याचे किमान 10 तास असायला हवेत. शिकणाऱ्याने हे तास मोजावेत. एका गाडीत तिघे-चौघे बसवून फेरी मारली तर अर्ध्या तासाच्या फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला आठ-दहा मिनिटेच येतात. त्यातही गाडी महामार्गावर सरळ धरली की सगळा वेळ चौथ्या गिअरमध्ये जातो. गिअर बदलला किती वेळा? बोटावर मोजण्याइतका. थांबलेली गाडी पुन्हा सोडली किती वेळा? त्याहून कमी.

दुसरी गोष्ट लक्षात येत नाही, पण महत्त्वाची आहे. स्कूलच्या गाडीला शिक्षकाच्या बाजूनेही पेडल असतात. ते नियमानेच बंधनकारक आहेत आणि सुरक्षेसाठी हवेतच. पण गर्दीत गाडी बंद पडू नये म्हणून शिक्षक स्वतःच क्लच दाबून धरतो आणि स्वतःच हळू सोडतो. स्टेअरिंगवर बसलेल्याला वाटते, जमले आपल्याला. पंधरा दिवसांनी घरच्या गाडीत बसल्यावर शेजारी ते पेडल नसते. मग कळते की इतके दिवस क्लच दुसऱ्याच्याच पायाने चालला होता. शिकणाऱ्याने दहा-बारा दिवसांनंतर स्पष्ट सांगायला हवे की "सर, तुमचे पाय मागे घ्या, बंद पडू द्या." पैसे त्याचेच आहेत.

लोणीसारख्या गावात शिकणारे तीन वाटांनी येतात आणि तिघांच्या अडचणी वेगळ्या. ट्रॅक्टर चालवलेल्या पोराला क्लच माहीत असतो, पण सवय उलटी असते. ट्रॅक्टरला गिअर टाकायचा आणि त्याच गिअरवर रान संपवायचे. चालत्या गाडीत वेग बघून गिअर वर-खाली करायची सवय त्याला नसते, आणि पाय क्लचवर ठेवून चालवायची खोड असते ती वेगळीच. अशाने क्लच प्लेट लवकर जळते. मोटारसायकलवाल्याला गिअरचा क्रम कळतो, फक्त क्लच हातातून पायात आणायचा असतो. सगळ्यात अवघड जाते ते बिनगिअरच्या स्कूटरवर वाढलेल्यांना. त्यात गावातल्या मुली आणि महिला जास्त आहेत. त्यांच्या आयुष्यातला पहिला गिअर थेट मोटारीचा असतो. त्यांना वेळ जास्त लागला तर त्यात "बायकांना जमत नाही" असे काही नसते. त्यांना आधी गिअरच्या गाडीवर बसू दिले नव्हते, इतकाच त्याचा अर्थ.

मग ऑटोमॅटिकच का घेऊ नये, असा प्रश्न येतोच. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओमधून स्वस्त ऑटोमॅटिक गिअर सामान्यांच्या आवाक्यात आले आणि आता बहुतेक लहान गाड्यांत तो पर्याय मिळतो. पुण्याच्या गर्दीत रोज जाणाऱ्याला तो सोयीचाच आहे. पण किंमत साधारण पन्नास-साठ हजारांनी जास्त पडते. शिवाय गावात चालणारी बाकीची वाहने बघावीत. भाजी घेऊन मार्केटयार्डला जाणारा पिकअप, छोटा हत्ती, दुधाची गाडी, ट्रॅक्टर, शेजाऱ्याची जुनी जीप, सगळे गिअरचे. रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचे असेल तर दारात जी गाडी असेल तीच चालवावी लागते.

रोजगाराचा मुद्दा तर आणखी मोठा आहे. 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्याला 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या शेऱ्याशिवाय चालवता येते. म्हणजे मोटारीच्या परवान्यावर पिकअप, टेम्पो चालवून पोट भरण्याचा मार्ग मोकळा झाला. (लोणीच्या डेपोतून निघणारे इंधनाचे टँकर यात बसत नाहीत. त्यांचे वजनही जास्त आणि धोकादायक मालाचे नियमही वेगळे.) पण आपल्या परवान्यावर गिअरची गाडी की बिनगिअरची, असा फरक दुचाकीला असतो, मोटारीला नसतो. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर फक्त ऑटोमॅटिकच चालवता येते. इकडे बिनक्लचच्या मोटारीवर पास झालेला माणूस दुसऱ्या दिवशी भरलेला पिकअप घेऊन निघाला तरी कागदावर तो बरोबरच ठरतो. निकालाने संधी दिली तशी ही फटही रुंद केली आहे आणि तिच्याकडे परिवहन खात्याने बघायला हवे.

गंमत म्हणजे नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे गिअरचीच गाडी होती. नियम 15 मधली चाचणीची यादी वाचली तर त्यात गाडी सुरू करून क्रमाने वरच्या गिअरपर्यंत नेणे, रहदारी बघून पटकन खालचा गिअर टाकणे, उतारावर खालच्या गिअरमध्ये येणे, चढावर थांबून मागे न घसरता पुन्हा निघणे, हे सगळे आहे. पुणे आरटीओची चारचाकीची चाचणी भोसरीत नाशिक फाट्याजवळ आयडीटीआरच्या ट्रॅकवर होते. लोणीहून ते पंचवीस-तीस किलोमीटर, सगळे शहर ओलांडून. तिथे एजंटाची ओळख सांगून चढावर मागे जाणारी गाडी थांबत नाही. नापास झाले तर किमान सात दिवस थांबावे लागते.

चढ-उताराचा सराव मात्र लोणीच्या सपाट रस्त्यावर होत नाही. त्यासाठी उरुळी कांचनच्या पुढे शिंदवणे घाट आहे, पण तो नवशिक्याने पहिल्या आठवड्यात करायचा नाही. जाणत्याला शेजारी घेऊन, सकाळी लवकर, आणि उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये. डिझेल वाचते म्हणून न्यूट्रल करणाऱ्यांचे काय होते ते पुण्याने नवले पुलावर बघितले आहे. 20 नोव्हेंबर 2022 च्या तिथल्या साखळी अपघातात ट्रकचालकाने उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे प्राथमिक तपासात पुढे आले होते. गिअरमध्ये असलेले इंजिन स्वतः गाडी ओढून धरते. न्यूट्रलमध्ये सगळा भार ब्रेकवर येतो आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही.

आणि हा महामार्ग चुकीला माफ करत नाही. जुलै 2019 मध्ये कदमवाकवस्ती हद्दीत मध्यरात्रीच्या सुमारास मोटार दुभाजक ओलांडून ट्रकवर आदळली आणि यवतचे नऊ तरुण गेले. पूर्व हवेलीत ती रात्र अजून कुणी विसरलेले नाही. उसाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, चतुर्थीला थेऊर फाट्यावरची गर्दी, एमआयटीकडून येणारी पोरांची वाहने, दुभाजकाच्या कटमधून अचानक वळणारे, असा हा रस्ता. इथे पहिल्या दिवशी क्लच शिकायला येणे म्हणजे पोहणे शिकायला पुरात उतरणे.

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतरच देता येते. हे तीस दिवस बहुतेक घरांत वायाच जातात. गाडीत शेजारी परवानाधारक, गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल", एवढे करून गावातच सराव करता येतो. मोकळे मैदान किंवा काढणी झालेले टणक रान घ्यावे. कालव्याच्या भरावावरचा रस्ता रिकामा दिसतो, पण तिथे चूक झाली तर गाडी पाण्यात. पहिले दोन दिवस ॲक्सिलरेटरला हातच, म्हणजे पायच लावायचा नाही. पहिला गिअर, नुसत्या क्लचवर गाडी सोडायची, दहा फुटांवर थांबवायची, पुन्हा सोडायची. पन्नास वेळा. कंटाळवाणे आहे, पण पाय याच पन्नास वेळांत शिकतो. शेजारी बसलेल्याने डावा हात मांडीवर ठेवला तरी उजवा हँडब्रेकजवळ ठेवावा, कारण घरच्या गाडीत त्याच्यापाशी तेवढेच असते. आणि ओरडू नये. ओरडले की शिकणारा क्लच सोडतो.

अठरा वर्षांखालच्या मुलाला हौसेने रस्त्यावर गाडी देणाऱ्या बापाने एक आकडा लक्षात ठेवावा. 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. शिकाऊ परवान्यावर एकट्याने महामार्गावर गेलेल्याचा अपघात झाला तर विमा कंपनीही नियमभंगाकडे बोट दाखवते.

स्कूलला फी देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. स्टेअरिंग माझ्या हातात एकूण किती तास, एका वेळी गाडीत किती जण, आणि चढावर गाडी सोडायला किती वेळा देणार. उत्तर लेखी मागितले तर आणखी चांगले.