विश्लेषण : गलवानमध्ये ३० हून अधिक जवानांना वाचविणारे नाईक दीपक सिंह कोण होते? रणांगणावर ‘मेडिक’ इतका निर्णायक का?

गलवान खोऱ्यात १५ जून २०२० च्या रात्री भारताचे २० जवान शहीद झाले, हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. त्याच रात्रीचा दुसरा आकडा फारसा चर्चेत येत नाही. १६ बिहार रेजिमेंटसोबत तैनात असलेले आर्मी मेडिकल कोअरचे नाईक दीपक सिंह यांनी ३० हून अधिक जखमी जवानांचे प्राण वाचविले. ते स्वतः मात्र परतले नाहीत.

नेमके काय घडले?

भारत-चीनमधील १९९६ च्या करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबारास मनाई आहे. त्या रात्री बंदुका चालल्या नाहीत, पण दगड, लोखंडी सळ्या आणि खिळे ठोकलेले दंडुके वापरले गेले. दगडांच्या माऱ्यात दीपक सिंह गंभीर जखमी झाले, तरी त्यांनी उपचार थांबविले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र देण्यात आले. २०२१ मध्ये ते स्वीकारणाऱ्या त्यांच्या पत्नी रेखा सिंह २०२३ मध्ये स्वतः लष्करात अधिकारी झाल्या.

ते डॉक्टर होते का?

नाही, ते ‘नर्सिंग असिस्टंट’ होते. लष्करी डॉक्टर घडविणारे पुण्यातील ‘एएफएमसी’ सर्वांना माहीत आहे. मेडिकल कोअरच्या जवानांना मात्र लखनौच्या केंद्रात प्रशिक्षण मिळते. बटालियनमध्ये डॉक्टर सहसा एकच असतो. त्यामुळे जखमीपर्यंत अनेकदा हा जवानच आधी पोहोचतो. रक्तस्राव थांबविणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे आणि आधी कोणाला हलवायचे हे ठरविणे, ही त्याची कामे.

पहिली मिनिटे महत्त्वाची का?

हातापायाची मोठी रक्तवाहिनी फाटल्यास काही मिनिटांत मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकी लष्कराच्या २००१ ते २०११ मधील मृत्यूंच्या अभ्यासानुसार, रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच्या ज्या मृत्यूंमध्ये जीव वाचण्याची शक्यता होती, त्यांपैकी सुमारे ९० टक्के मृत्यू रक्तस्रावाने झाले होते.

गलवानमध्ये थंडीचीही भर पडली. शरीर गार पडले की रक्त गोठण्याची प्रक्रिया मंदावते, रक्तस्राव सुरूच राहतो आणि शरीर आणखी गार पडते. शहीद झालेल्या २० पैकी १७ जण गंभीर जखमी अवस्थेत शून्याखालील तापमानात होते, असे लष्कराने १६ जूनच्या निवेदनात म्हटले होते. जखम बांधणारा हात वेळेवर पोहोचणे किती मोलाचे होते, हे त्यावरून कळते.

कायद्याचे संरक्षण नसते का?

असते. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारानुसार केवळ वैद्यकीय सेवेत असलेल्या लष्करी कर्मचाऱ्यांवर हल्ला करता येत नाही. भारत आणि चीन या दोघांनीही तो मान्य केला आहे. पण हे संरक्षण समोरच्याने ओळखण्यावर अवलंबून असते. रात्रीच्या अंधारात, हातघाईच्या लढाईत दंडावरची रेडक्रॉसची पट्टी कोणाला दिसणार?

मग अर्थ काय?

शौर्य म्हटले की शत्रूला रोखणारा सैनिक आठवतो. दीपक सिंह यांचे वीरचक्र मात्र वाचविलेल्या जिवांसाठी आहे. ते तिथे नसते, तर २० हा आकडा किती वाढला असता, याचा विचार केला की त्यांच्या कामाचे मोल लक्षात येते.