रिकामी टाकी आणि आपला जीव

कारखाना बंद पडतो, मालक कुलूप लावून निघून जातो. मागे रसायनाच्या गाळाची टाकी तशीच राहते. काही वर्षांनी जागा विकली जाते आणि निरोप येतो, ‘टाकी साफ करून फोडायची आहे, चार माणसं पाठवा.’ हा निरोप कोणत्या वस्त्यांत येतो, ते आपल्याला ठाऊक आहे. मैंदर्गीहून सोलापूरच्या एमआयडीसीत मजुरीला जाणाऱ्या घरांनी म्हणून हे समजून घ्यावे.

वरून रिकामी दिसणारी टाकी फार फसवी असते. तळाचा गाळ ढवळला की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटू शकतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते. लोखंडी टाकी बरेच दिवस बंद राहिली तर गंज चढताना आतला ऑक्सिजन संपतो. पेट घेणाऱ्या रसायनाची वाफ उरली असेल तर गॅस कटरची एक ठिणगी पुरते. पहिला कोसळला की दुसरा त्याला वाचवायला उतरतो आणि तोही जातो. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगारांचा जीव गेला.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ ने रीत घालून दिली होती. आतली हवा तपासून जाणकार माणसाने लेखी दाखला द्यावा. नाहीतर उतरणाऱ्याला श्वसनाचे साधन आणि कमरेला पट्टा द्यावा, पट्ट्याच्या दोराचे टोक बाहेरच्या माणसाने धरावे. २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा साधारण ९० दिवसांपेक्षा जास्त साठवता येत नाही. तो तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा परवानाधारक केंद्राकडेच जायला हवा आणि त्याची कागदोपत्री नोंद हवी. अमेरिकेत तर अशी टाकी बंद करताना गाळ, पाइप आणि बिघडलेली मातीही काढावी लागते. ते जमले नाही तर त्या जागेवर पुढे ३० वर्षे देखरेख ठेवतात.

माझे म्हणणे एवढेच, की टाकी रिकामी करून गाळ केंद्रात पोहोचवल्याची पावती दाखवल्याशिवाय कारखाना बंद झाला असे प्रदूषण नियंत्रण मंडळाने मानू नये. ही जबाबदारी मालकाची आहे. पाचशे-हजार रुपयांत ती आपल्या पोरांच्या अंगावर टाकू देऊ नये.

रसायनाचे रिकामे पिंपही या नियमांत घातक कचराच आहे. स्वस्त मिळते म्हणून त्यात पिण्याचे पाणी भरू नका. धुऊनही ते त्या कामाचे होत नाही.

टाकीत कोणी पडला तर मागे उडी मारू नका. १०१ आणि १०८ ला फोन करा. आणि कामाला निघणाऱ्याला घरच्या बाईने दारातच विचारावे, ‘हवा तपासल्याचा कागद बघितलास का?’ कागद नसेल तर आत उतरायचे नाही.