पडद्यावरचे रसायन आणि साथीचे शिक्षण

रसायनशास्त्राचा पहिला पाठ संगणकाच्या पडद्यावरून देता येईल काय, हा प्रश्नच फसवा आहे. पाठ देता येतो. विद्यार्थी तो कोणाबरोबर शिकणार, हे विचारा.

१९९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात (१९७६ पर्यंत तेथे शिक्षणशुल्कही नव्हते) रसायनाच्या प्रारंभिक वर्गासाठी एक पद्धत रुजली. सहा-आठ विद्यार्थ्यांचा गट आणि तोच अभ्यासक्रम नुकताच उत्तम रीतीने पार केलेला एक विद्यार्थी गटप्रमुख. तो उत्तरे सांगत नाही. 'मोल' म्हणजे काय, हे परस्परांना समजावून देण्यास भाग पाडतो. अनुमापनात गुलाबी छटा नेमकी कोणत्या थेंबाला टिकली, यावर शेजारी हुज्जत घालतो, तेव्हाच विद्या मुरते.

आपल्याकडे २०१७ साली 'स्वयम्' आले. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम त्यावरून घेण्यास मुभा दिली. चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंचाचणी आणि चर्चामंच ही त्याची चार अंगे; गटप्रमुख त्यांत नाही. शेकडोंचा चर्चामंच म्हणजे आठांचा गट नव्हे!

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा जुना शिक्षक आहे. चित्रफितीची दुसरी प्रत जवळजवळ फुकट पडते, गटप्रमुखाचा दुसरा तास फुकट पडत नाही. म्हणूनच पहिली येते आणि दुसरा गाळला जातो. याला आधुनिकीकरण म्हणावयाचे! २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण कुटुंबांपैकी सुमारे १५ टक्क्यांकडेच इंटरनेटची सोय होती. मोबाइल आज पुष्कळ घरांत पोहोचला. साथीदार पोहोचलेला नाही. प्रत्येक आठ विद्यार्थ्यांमागे एक मानधनी गटप्रमुख आणि आठवड्याचा ठरलेला तास, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी येत्या सत्रापूर्वीच लावून धरली पाहिजे.