नदीकाठच्या रात्री आणि न परतलेले तरुण

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात ला क्रॉस हे शहर आहे. मिसिसिपी, ब्लॅक व ला क्रॉस या तीन नद्यांचा तेथे संगम होतो. राज्य विद्यापीठाची शाखा, फ्रान्सिस्कन भगिनींनी स्थापन केलेले व्हिटर्बो हे कॅथलिक विद्यापीठ आणि एक तंत्र महाविद्यालय यांमुळे शहरात तरुणांची वर्दळ मोठी असते. मद्यालयांची वस्ती नदीकाठच्या उद्यानापासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहे. १९९७ ते २०१० या काळात या शहरातील महाविद्यालयीन वयाचे सुमारे नऊ तरुण रात्री मित्रांसमवेत बाहेर पडले आणि परतलेच नाहीत. पुढे त्यांचे मृतदेह नदीत सापडले.

एवढे तरुण, तेही सगळे पुरुष, एकाच प्रकारे कसे बुडतात, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. २००८ मध्ये न्यूयॉर्क पोलीस दलातील दोन निवृत्त गुप्तहेरांनी त्याचे एक उत्तर मांडले. अकरा राज्यांतील चाळीसहून अधिक तरुणांचा एखाद्या संघटित टोळीने खून केला असून काही घटनास्थळांजवळ हसऱ्या चेहऱ्याचे चित्र रंगविलेले आढळले, असा त्यांचा दावा होता. वृत्तवाहिन्यांनी तो उचलून धरला आणि २०१९ मध्ये त्यावर दूरचित्रवाणी मालिकाही झाली.

हा दावा तपासात टिकला नाही. या मृत्यूंचा परस्परांशी संबंध जोडणारा पुरावा नसून बहुसंख्य घटना मद्यपानानंतर बुडून झालेल्या दिसतात, असे अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेने २००८ मध्येच स्पष्ट केले. मिनियापोलिस येथील हत्यांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रानेही २०१० मध्ये हा सिद्धान्त फेटाळला. हसरा चेहरा हे तर जगात कोणत्याही भिंतीवर आढळणारे चित्र आहे. शोधायला निघालेल्या माणसास ते कुठेही सापडेल.

मग मृत्यूचे कारण काय? ते साधे आहे आणि म्हणूनच पचविणे कठीण आहे. मद्यामुळे तोल व अंतराचा अंदाज दोन्ही ढळतात. त्वचेखालील रक्तवाहिन्या रुंदावल्याने शरीराची उष्णता वेगाने बाहेर पडते, आणि माणसास मात्र ऊब आल्याचा भास होतो. अतिशय थंड पाण्यात पडताच अनावर धाप लागते. त्या पहिल्याच श्वासात पाणी फुप्फुसात गेले, तर पट्टीचा पोहणाराही निरुपाय होतो. गारठलेल्या पाण्यात मृतदेह उशिरा वर येतो आणि प्रवाहाबरोबर दूर वाहून जातो. त्यामुळे साधा अपघातही अनेक आठवडे गूढ वाटत राहतो. बळी बहुधा पुरुषच का, याचेही उत्तर कटात शोधावे लागत नाही. मुलीने रात्री एकटीने घरी जाऊ नये, याची काळजी मैत्रिणी घेतात. मुलाला मात्र 'जाईल तो' असे म्हणून सोडून दिले जाते.

याचा अर्थ प्रत्येक प्रकरण 'दारू पिऊन बुडाला' म्हणून मिटवावे, असा मुळीच नाही. मिनियापोलिसमध्ये २००२ च्या ऑक्टोबरअखेर बेपत्ता झालेल्या एका विद्यार्थ्याचा मृतदेह पुढील वर्षी मिसिसिपी नदीत सापडला आणि मृत्यू बुडून झाल्याची नोंद झाली. आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर २००६ मध्ये पोलिसांनी ते प्रकरण खुनाचे असल्याचे मान्य करून कुटुंबाची क्षमा मागितली. त्याच मिनेसोटा राज्यात २००८ मध्ये मित्रांना भेटून रात्री घरी परतणारा एक तरुण नाहीसा झाला. त्या वयाचा मुलगा रात्रभर बाहेर राहणे नवलाचे नाही, असे त्याच्या पालकांना प्रथम ऐकावे लागले. त्यांच्या प्रयत्नांमुळे २००९ मध्ये राज्याने कायदा केला आणि बेपत्ता व्यक्तीचे वय कितीही असो, तक्रार विनाविलंब नोंदवून घेणे पोलिसांवर बंधनकारक झाले.

आमच्या मते येथे दोन चुका एकमेकींच्या समोर उभ्या आहेत. पुराव्याविना खुनी कल्पिणे ही एक, आणि तपासाविना फाईल बंद करणे ही दुसरी. दोन्हींमध्ये तो तरुण हरवतो. खुनी बाहेरचा आहे असे ठरविले की मित्रांना, मद्यविक्रेत्यांना व समाजाला स्वतःकडे पाहावे लागत नाही. दोष सर्वस्वी त्या मुलाचाच आहे असे ठरविले, तरीही तेच घडते.

ला क्रॉसच्या विद्यार्थ्यांनी तिसरा मार्ग निवडला. २००६ पासून तिन्ही शिक्षणसंस्थांतील स्वयंसेवक सप्ताहाअखेरच्या रात्री नदीकाठच्या उद्यानात गस्त घालू लागले. झोकांड्या खात पाण्याकडे निघालेल्या तरुणास अडवायचे, बोलते करायचे आणि सुखरूप घरी धाडायचे, एवढेच त्यांचे काम. इंग्लंडमधील डरहॅम येथे २०१३ ते २०१५ दरम्यान तीन विद्यार्थी वेअर नदीत बुडाल्यानंतर तेथेही नदीकाठच्या सुरक्षेची फेरतपासणी झाली. कोणत्याही खुन्याचा शोध न घेताही ही कामे करता आली.

आपली अनेक मुले आज शिक्षणासाठी परदेशी जातात. त्यांना प्रवासाच्या, परीक्षेच्या व पैशाच्या सूचना देताना आणखी एक सांगणे अगत्याचे आहे: सोबत गेलात तर सोबत परता, आणि एखादा मित्र शुद्धीत नसेल तर त्याच्या दारापर्यंत जा. एखाद्याचा तरुण मुलगा घरी परतला नाही, तर 'मोठा आहे, येईल' असे म्हणून त्या मातापित्यांना परत पाठवू नका. भावाविषयी विचारले असता काइनाने जबाबदारी झटकली होती. तोच प्रश्न मध्यरात्री मित्राला एकटे सोडताना आपल्यालाही विचारला जात असतो.