पाण्याचा हिशेब शिकवणारा मायनर

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या विद्यार्थ्यापुढे मुख्य विषयाबरोबर (मेजर) ‘मायनर’ म्हणजे दुय्यम विषय आणून ठेवला. राज्यातील स्वायत्त महाविद्यालयांत २०२३ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४ पासून ही रचना लागू झाली. मेजर ठरवताना घरात चार जणांचा सल्ला घेतला जातो. मायनर मात्र मित्राने घेतला किंवा पेपर सोपा जातो म्हणून घेतला जातो. ज्या विभागाचे प्राध्यापक रिकामे, त्याचा विषय गळ्यात मारणारी महाविद्यालयेही कमी नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या आराखड्यात तीन वर्षांच्या १२० श्रेयांकांपैकी २४ मायनरचे आहेत. पदवीचा हा पाचवा हिस्सा असा उधळू नये.

विज्ञान, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने उपयोजित अर्थशास्त्र आणि शाश्वत विकास या जोडविषयाचा गांभीर्याने विचार करावा, असे आम्हाला वाटते. उसाचेच पाहा. उसाला किती पाणी लागते, हे वनस्पतिशास्त्र सांगते. कारखान्याचा ताळेबंद वाणिज्य शाखेला वाचता येतो. पण टँकर सुरू असलेल्या तालुक्यातही शेतकरी ऊसच का लावतो? कारण उसाला कायद्याने ठरलेली एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, आहे आणि घेणारा कारखाना ठरलेला आहे. तुरीचा हमीभाव जाहीर होतो, पण त्या भावाने खरेदी होईलच याची खात्री नसते. शिवाय साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपाला २०२४ पासून वीजबिल नाही. तेव्हा उपसलेल्या पाण्याची किंमत शेतकऱ्याच्या हिशेबात येतच नाही. दोष त्याचा नाही, भावांच्या रचनेचा आहे. ही रचना उलगडून दाखवणारा विषय म्हणजे हा मायनर.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे पाण्याच्या हिशेबाचे उत्तम प्रात्यक्षिक. तिथे पाऊस मोजतात, गावाला मिळालेल्या पाण्याचा अंदाज बांधतात, आधी माणसांचे आणि जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर रब्बीची पिके ठरवतात. शेतीसाठी बोअरवेल नाही, ऊस नाही. हे ग्रामसभेत ठरले, म्हणून टिकले. सामाईक साधने लोक स्वतः नियम करून जपू शकतात, हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांचा सिद्धांत शिकलेल्या विद्यार्थ्याने अशा ग्रामसभेत एकदा तरी बसावे.

नोकरीचा विचार करणाऱ्या पालकांनाही सांगायला हवे. बाजारमूल्याने पहिल्या हजार सूचीबद्ध कंपन्यांना ‘सेबी’ने २०२२-२३ पासून पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल बंधनकारक केला आहे. युरोपीय संघात पोलाद आणि अॅल्युमिनियम पाठवायचे, तर १ ऑक्टोबर २०२३ पासून त्यातल्या कार्बनचाही हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब मांडणारी माणसे लागणारच.

मात्र नावाला भुलू नये. पर्यावरण शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये दिला होता. त्याचे पुढे अनेक ठिकाणी काय झाले? मागच्या वर्षीच्या वहीवरून प्रकल्प उतरवायचा आणि वर पानाफुलांचे मुखपृष्ठ लावायचे. मायनरचेही तेच झाले तर विद्यार्थ्यांची फसवणूक होईल. म्हणून निवडण्याआधी विचारावे: संख्याशास्त्र आहे का? आकडे स्वतः गोळा करायचे आहेत का? क्षेत्रीय प्रकल्पाचे श्रेयांक या विषयाला जोडले आहेत का?

अशी क्षेत्रीय पाहणी आपल्याला नवी नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे लोकांच्या पदरात नेमके काय पडले, याची पाहणी करून १९४८ मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. कालव्याचा लाभ शेतावर जाऊन मोजायचा असतो, हे महाराष्ट्राला तेव्हा ठाऊक होते. आज गावोगावी महाविद्यालये आहेत आणि प्रत्येकाच्या आसपास एखादा बंधारा, साखर कारखाना किंवा बाजार समिती आहे. विद्यापीठांनी या मायनरला मान्यता देताना महाविद्यालयाकडून दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: शिकवणार कोण आणि विद्यार्थी पाहणीला जाणार कुठे. ज्यांच्याकडे याचे उत्तर नाही, त्यांना हा विषय देऊ नये.